आपापला परिच्छेद

माझ्या डोळ्यांचा पडदा मधोमध झिजला आहे. खोली दिसते, दारात कोण उभं आहे ते कपड्यांवरून कळतं, पण ज्या शब्दाकडं बघावं नेमका तोच जातो. आजूबाजूचे दिसतात. त्यांच्याकडं नजर नेली की तेही जातात. डॉक्टर म्हणाले, आता हे सुधारणार नाही, आहे तेवढं सांभाळा. मी विचारलं, सांभाळून करू काय? त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

लिहायला डोळे कमी लागतात. जाड पेन घेऊन, अक्षर मोठं काढून, ओळ वाकडी गेली तर जाऊ दे म्हणत लिहिते आहे. वाचायला मात्र डोळेच लागतात, आणि गेल्या वर्षी माझी एक कादंबरी वाचता वाचता अर्ध्यात अडकली.

कादंबरी कॉलनीतल्या वाचनालयाची. त्यात एका बाईचा नवरा मरतो आणि दीर तिला घराबाहेर काढतात. ती तालुक्याच्या गावी येते, खानावळ टाकते, खानावळ चालते. मग एका बाजाराच्या दिवशी तिचा थोरला दीर भुकेला होऊन त्याच खानावळीत शिरतो. खानावळ कुणाची हे त्याला ठाऊक नसतं. तो हात धुतो, पाटावर बसतो, जेवण मागवतो. इथपर्यंत मी आले आणि डोळ्यांनी साथ सोडली. त्या पानावर भिंग घेऊन पुष्कळ झटले, पण पुढची ओळ काही हाताला लागेना.

घरात वाचता येणारी माणसं आहेत. मुलगा वाळूजला कंपनीत आहे. तो म्हणाला, "आई, शिफ्ट करून आलं की मला स्वतःचं नाव वाचायची ताकद नसते." सून लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या रक्ताचे रिपोर्ट टाइप करते, तिला विचारण्यात अर्थ नव्हता. राहिली नात. ती तेव्हा नववीत होती.

ही नात पूर्वी वाचायची. जूनमध्ये औरंगपुऱ्यातल्या दुकानातून शाळेची पुस्तकं आणली की रिक्षातच मराठीचं पुस्तक उघडायची. घरी पोचेपर्यंत एखाददुसरा धडा झालेला असायचा, आणि पुस्तकाला कव्हर घालायच्या आत पुस्तक संपलेलं असायचं. मग जेवताना भांडण. या धड्यातला मास्तर खोटारडा आहे, त्या धड्यातल्या पोरानं घरी परत यायला नको होतं, असं तावातावानं बोलायची. तिची आई म्हणायची, आधी भाजी संपव. मला त्या भांडणाची सवय होती. ते कधी बंद झालं हे माझ्या ध्यानात आलं नाही. डोळे धड असेपर्यंत मला तिची गरज नव्हती.

मी तिला पान उघडून दिलं.

"कुठून?"

"तो दीर पाटावर बसतो, तिथून."

तिनं वाचायला सुरुवात केली. बसस्टँडवर गाड्या पुकारतात तसा आवाज. कन्नड, सिल्लोड, फुलंब्री आणि दिराची भूक, सगळं एका सुरात. उच्चार स्वच्छ, कुठं अडखळणं नाही. बाई ताट घेऊन चुलीपासून उठते, इथवर ती आली आणि थांबली.

मी वाट बघितली. "पुढं?"

"झाला की."

"काय झालं?"

"परिच्छेद."

"अगं, ती ताट घेऊन निघालीय. बाहेर तिचा दीर बसलाय."

"कोण दीर?"

"आत्ता तू काय वाचलंस मग?"

"मला काय माहीत? मी वाचत होते ना." आणि पुस्तक माझ्या मांडीवर ठेवून ती उठली.

मला वाटलं चेष्टा करतेय. मी तिला नको नको ते बोलले. तिनं ऐकून घेतलं आणि मग, मंद माणसाला समजावून सांगावं तशा आवाजात, वर्गात काय चालतं ते सांगितलं.

मराठीच्या तासाला पहिल्या बाकापासून सुरुवात होते. पहिल्या मुलीनं उभं राहून पहिला परिच्छेद वाचायचा, दुसरीनं दुसरा. धडा उघडला की पोरी आधी बाक मोजतात, मग परिच्छेद मोजतात, आपला कुठला ते हेरतात आणि त्यावर बोट ठेवून मनातल्या मनात घोकत बसतात. बाकीचा धडा कानावरून जातो. आपली पाळी गेली की माणूस सुटतो. मग खिडकीबाहेर बघायचं. एखादी पोरगी त्या दिवशी आलेली नसली तर सगळ्या ओळीचे परिच्छेद एकेक घर सरकतात, आणि घोकलेला फुकट जातो. गैरहजर पोरीला त्या दिवशी सगळ्या ओळीच्या शिव्या. वाचताना चुकलं तर तास संपेपर्यंत उभं.

"मग धड्यात काय आहे ते कधी कळतं?"

"प्रश्नोत्तरं लिहून देतात तेव्हा. लागतं तेवढं कळतं."

"आणि तू? तू तर धडा आधीच वाचून बसायचीस."

ती म्हणाली, "आठवीत एकदा मी थांबलेच नाही."

त्या वेळचा धडा तिला आवडला होता. आपला परिच्छेद संपला तरी ती वाचत गेली, तो माणूस विहिरीत उतरतो तिथपर्यंत. मॅडम म्हणाल्या, "तुझं स्टेशन गेलं ना मागं? उतर की." सगळा वर्ग हसला. जिचा परिच्छेद हिनं खाल्ला ती रडायला लागली, कारण तिनं तोच घोकला होता. तेव्हापासून पोरी हिला एक्सप्रेस म्हणतात. मधल्या सुट्टीत डबा उघडला तरी, "एक्सप्रेस, इथं थांबा आहे का गं?"

"एवढंच?" मी म्हणाले.

"हो, एवढंच," ती म्हणाली आणि मोबाइल घेऊन गच्चीवर गेली.

माझी स्वतःची शाळा काही चांगली होती असं मी म्हणणार नाही. फुलंब्रीच्या पुढं आमचं गाव. चौथीपर्यंतचे वर्ग एका खोलीत, एकच मास्तर, आणि तो मारकुटा. पण दुपारी जेवण झालं की त्याला झोप यायची. कोपऱ्यातल्या खोक्यात जी काही पुस्तकं होती ती आम्हाला वाटून द्यायचा, "आवाज आला तर चामडी सोलीन" म्हणायचा आणि भिंतीला डोकं टेकायचा. कुणी काय वाचलं हे त्यानं कधी विचारलं नाही. चौथीनंतर मला घरी बसवलं, पण वाचायची सवय तेवढ्यात लागून गेली होती. याचं श्रेय मी त्याला देत नाही. तो झोपत होता.

दिवाळीनंतर शाळेत पालकांना बोलावलं. आमच्याकडं नेमका पाण्याचा दिवस होता. नळाला पाणी आलं की सून घर सोडू शकत नाही, मुलगा ड्यूटीवर, म्हणून नातीबरोबर मी गेले. नातीला ते पसंत नव्हतं. जिन्यावर ती म्हणाली, "आजी, तिथं काही बोलू नको हं. नुसतं व्हय व्हय म्हण."

मराठीच्या बाई, आठवीतल्या त्याच मॅडम, थकलेल्या वाटल्या. चेहरा मला नीट दिसत नाही, पण आवाजात थकवा ऐकू येतो. त्यांनी नातीचा पेपर काढला. "आजी, पोरगी हुशार आहे. वाचन एकदम स्पष्ट. पण स्वमताच्या प्रश्नात मार्क घालवते."

स्वमत म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं. धड्याखाली प्रश्न असतो, तुमचं मत तुमच्या शब्दांत लिहा. धडा एका आईचा होता. ती स्वतः उपाशी राहते आणि मुलाला शिकवते. नातीनं लिहिलं होतं ते बाईंनी मला वाचून दाखवलं: ही आई मला आवडली नाही. ती उपाशी राहते आणि आपण उपाशी आहोत हे मुलाला सारखं कळेल असं बघते. दोघांनी अर्धी अर्धी भाकरी खायला पाहिजे होती.

मला हसू आलं. बाईंना नाही आलं.

"मत तिचं विचारलंय ना?" मी म्हणाले.

"तिचंच. पण त्याचे मुद्दे ठरलेले असतात. त्याग, माया, शिक्षणाची ओढ. पुढच्या वर्षी बोर्ड आहे. तिथं पेपर तपासणारा हिला ओळखत नाही. तो मुद्दे शोधतो, सापडले तर मार्क देतो."

"मग त्याला स्वमत कशाला म्हणता?"

"मी नाही म्हणत, आजी. पुस्तकात छापलंय."

नात टेबलाखालून माझ्या पायावर पाय देत होती. मी परिच्छेदांचं काढलंच. म्हणाले, पोरी बोट ठेवून आपापला तुकडा घोकतात, गोष्ट कुणीच ऐकत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

"ठाऊक आहे. मीसुद्धा लहानपणी तेच करायचे," बाई म्हणाल्या. "आता ऐका. एका बाकावर तिघी बसतात. मी वाचून दाखवलं तर तपासणीला येणारे म्हणतात, मुलींना वाचायला देत नाही. चांगलं वाचणारीला सगळा धडा दिला तर बाकीच्यांच्या आया येतात, आमच्या पोरीत काय कमी आहे म्हणून. काही जणींच्या घरी छापलेला कागद म्हणजे लाइटबिल. त्या वर्षभरात मोठ्यानं काय वाचतात, तर वाट्याला आलेला तो परिच्छेद. तोही काढून घेऊ का?"

हे उत्तर बरोबर होतं. त्यांच्याजवळ बरोबर उत्तर असावं हेच मला आवडलं नाही.

"आणि एखादी पुढं वाचत गेली तर तिला हसायचं?"

"कुणाला हसले?"

"हिला. आठवीत. स्टेशन गेलं म्हणून."

बाईंनी नातीकडं बघितलं. "असं झालं होतं? मला आठवत नाही, आजी."

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या दृष्टीनं ती एका तासातली एक चेष्टा होती, घंटा झाली तशी संपली. मी विचारलं, "तुम्ही स्वतः काय वाचता?"

"पेपर," त्या म्हणाल्या. "लाल पेन घेऊन." आणि पुढच्या पालकांना हाक मारली. डॉक्टरांसारखीच.

बाहेर आल्यावर नात म्हणाली, "झालं समाधान? उद्या सगळा वर्ग मला ऐकवणार." मी म्हणाले, "ऐकव तूपण." ती म्हणाली, "तुझं काय जातंय? तुला घरी बसायचंय."

तिथून औरंगपुऱ्यात गेलो, कारण बाईंनी गाईड घ्यायला सांगितलं होतं. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गोष्टीची पुस्तकं आत मागं, दोऱ्यानं बांधून ठेवलेली. गाईड मात्र पुढं, माणसाच्या उंचीएवढे ढीग. रिक्षात बसल्यावर मी म्हणाले, त्या आईचं काढ. तिनं काढलं आणि बसस्टँडच्या आवाजात वाचलं: "ही आई म्हणजे त्यागाची व वात्सल्याची मूर्ती आहे असे मला वाटते."

"हे तुझ्या शब्दांत?"

"हो. सगळ्यांचे शब्द हेच असतात."

रिक्षावाला हसला. मी त्याला म्हणाले, "तू पुढं बघून चालव."

"आजी, तू उगं तापू नको," नात म्हणाली. "दहावी होऊ दे. त्यानंतर मी पुस्तक हातात धरलं तर माझं नाव बदल."

ती रागात नव्हती. क्लास संपल्यावर सायकल विकू म्हणावं तसं ठरवून टाकल्यासारखं बोलली. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, आणि ती माझी कादंबरी अर्धी राहण्याची नव्हती. माझे डोळे म्हातारपणानं गेले. हिचे दोन्ही धड होते.

घरी हे सांगितलं तर मुलगा म्हणाला, "मार्क पडल्याशी मतलब." सून म्हणाली, "आई, आम्हीसुद्धा गाईडवरच पास झालो. काय बिघडलं आमचं?" मी काय बिघडलं ते सांगणार होते, पण पाणी भरून तिची कंबर गेली होती, म्हणून गप्प बसले.

माझी कटकट थांबावी म्हणून मुलानं एका रविवारी त्याच्या मोबाइलवर काहीतरी घालून दिलं. पुस्तकाच्या पानाचा फोटो काढला की मोबाइल ते वाचून दाखवतो. त्यातल्या बाईच्या आवाजानं पानाचा आकडा वाचला, वाचनालयाचा शिक्का वाचला, आणि त्याच आवाजात दीर जेवायला बसला. मी म्हणाले, बंद कर, अशी एक आपल्या घरात आहेच. नात पलीकडं बसली होती.

त्यानंतर मी तिला वाचायला सांगितलं नाही. कादंबरी माझ्या पलंगाच्या कडेला पडून राहिली. वाचनालयाचा माणूस ओळखीचा, तो मुदत वाढवून देत होता. नातीची परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी तिनं मार्क सांगितले. स्वमताला पूर्ण पडले होते. सुनेनं शेजारी पेढे वाटले.

मे महिन्यात वाचनालयाच्या माणसानं सुनेला रस्त्यात गाठलं, पुस्तक आणून द्या म्हणाला, दुसरं कुणी मागतंय. सुनेला सुट्टी होती, दुपारचं जेवण आटोपून आम्ही पंख्याखाली बसलो होतो. मी म्हणाले, "घेऊन जा उद्या. ह्या घरात ते कुणी वाचणार नाय."

नात फरशीवर पालथी पडून मोबाइल बघत होती. मान वर न करता म्हणाली, "द्या देऊन. तसाही शेवट एकदम बकवास आहे."

सुनेनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "तुला काय ठाऊक?"

"वाचलं."

"कधी?"

"रोज दुपारी. तू घोरतेस तेव्हा."

मी विचारलं, शेवटी काय होतं. ती उठून बसली आणि हातवारे करत सांगायला लागली. तो थोरला दीर अंथरुणाला खिळतो. त्याचं करायला कुणी नसतं. निरोप येतो, आणि ही बाई चांगली चाललेली खानावळ बंद करून परत जाते. "ज्यानं हाकललं त्याचं पथ्यपाणी करायला! काय डोकं आहे का तिला? मी असते तर निरोप घेऊन आलेल्याला जेवू घालून वाटेला लावलं असतं."

"बरोबर केलं तिनं," मी म्हणाले.

"काय बरोबर?"

"घर तिचं होतं. ती घरासाठी गेली. तो तिथं आजारी पडलाय तर पडू दे."

"असं काही लिहिलेलंच नाहीये! तू तर अर्धंच वाचलंयस आणि लई शहाणपणा करतेस."

"लिहिलेलं असंल. तुला दिसलं नसंल."

"आजी, दिसत तुला नाही. मला दिसतं."

सून म्हणाली, "अगं, आजीशी कसं बोलतेस?" मी तिला म्हणाले, "तू मधी पडू नको."

नातीनं पुस्तक ओढलं, फटाफट पानं उलटली आणि वाचायला लागली. मला खोटं पाडायला वाचत होती, त्यामुळं आवाज बसस्टँडचा नव्हता. शब्द खात होती, एके ठिकाणी चुकली, मागं गेली नाही. बाई गावात येते, वाड्याच्या पायऱ्या चढते. दीर आतून हाक मारतो. ती आत जात नाही, उंबऱ्यापाशी उभी राहून आधी किल्ल्या मागते. नात इथं जरा हळू झाली. मग पुन्हा वेग घेऊन शेवटच्या ओळीपर्यंत गेली.

"बघ," मी म्हणाले. "आधी किल्ल्या."

"किल्ल्या मागितल्या म्हणून काय झालं? नंतर भात कुणी शिजवला? तिनंच ना?"

"किल्ल्या कमरेला लावून शिजवला."

"शिजवला तर शिजवला ना! किल्लीनं काय भाताची चव बदलते?"

मला तिचं म्हणणं आजही पटलेलं नाही. मुलगा आतून ओरडला, "झोपू द्या रे, मला सेकंड शिफ्ट आहे." आम्ही आवाज खाली आणला आणि भांडत राहिलो. ती म्हणाली, तुमच्या जमान्यातल्या बायका अशाच, कुणी बोलावलं की पळत जाणार. मी म्हणाले, तुमच्या जमान्यातल्या गाईड बघून मत बनवणार. ती एवढी चिडली की पाणी प्यायला उठली.

परत आल्यावर मी विचारलं, "आणि मधलं? तो पाटावर बसला होता, ही ताट घेऊन निघाली होती. तिथं काय झालं?"

तिचा चेहरा मला दिसला नाही. आवाज मात्र बदलला. "ते? ते तर खतरनाक आहे."

"सांग मग."

"नाही. सांगितलं तर मजा जाते."

"मला दिसत नाही गं, भवाने. सांगितल्याशिवाय कसं कळणार?"

तिनं पुस्तक पुन्हा घेतलं आणि उकिडवी बसली. "मधी बोलायचं नाही. समजलं का म्हणून विचारायचं नाही."

"लई अटी घालू नको. वाच."

तिनं वाचलं. दीर खाली मान घालून पहिला घास मोडतो, आणि भाकरी ओळखतो. थापलेली भाकरी, कडेला बोटांची नक्षी, त्याच्या घरात एकच बाई अशी थापायची. तो मान वर करतो. ती समोर उभी असते, हातात वरणाची वाटी. तो तोंडातला घास गिळत नाही. आणि ती वाटी खाली ठेवून म्हणते...

खालून स्कूटीचा हॉर्न वाजला. नातीची मैत्रीण, क्लासला निघालेली. "एक्सप्रेस! चल, उशीर झाला!"

तिनं पुस्तक मिटलं, खूण म्हणून आत केसांची पिन घातली आणि जिना उतरून गेलीसुद्धा. परिच्छेद संपायला अजून ओळी होत्या. मी खिडकीतून तिला जेवढ्या येतात तेवढ्या शिव्या घातल्या. तिनं खालून हात हलवला असावा. काहीतरी हललेलं दिसलं.

सून पुस्तक पिशवीत टाकायला उठली. मी ते मांडीखाली सरकवलं आणि म्हणाले, वाचनालयवाल्याला सांग, मिळणार नाही अजून.